आठ नंबरचा रॉड

अ‍ॅलिस्टरने अवधूत आणि प्रबुद्धला शनिवारी मासे पकडायला बोलावलं, तेव्हा मेडनहेडच्या त्या ऑफिसात बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहून कॉफीचे कप उचलले. कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी अ‍ॅलिस्टरच्या टीमला व्हिसावरच्या माणसासाठी एकच स्पॉन्सरशिप ठेवली होती आणि व्हिसावरची माणसं होती दोन, पुण्याचा अवधूत आणि नागपूरचा प्रबुद्ध. कोणाला ठेवायचं ते अ‍ॅलिस्टरने महिनाअखेर कळवायचं होतं. अ‍ॅलिस्टर भला माणूस होता. भल्या माणसांना निर्णय घ्यायला आवडत नाही, मासे पकडायला आवडतं. दोन्ही एकाच शनिवारी उरकावं असं त्याने ठरवलं असावं.

प्रबुद्धला कायमच्या परवान्यासाठी अजून थोडेच महिने काढायचे होते. नोकरी गेली की त्याचा व्हिसा जाणार, त्याच्यामागे बायकोचा, धम्मशीलाचा, आणि त्यांच्यामागे मुलीचा, सियाचा, जिला नागपूर म्हणजे आजोबांचा व्हिडिओ कॉल एवढंच माहीत होतं. अवधूतचीही गत तीच, वर त्याने घर घेऊन ठेवलेलं.

दोघं स्लाऊला राहत आणि प्रबुद्धच्या गाडीतून जात-येत. आमंत्रण आलं त्या संध्याकाळी मोटरवेवर गाडी मुंगीच्या चालीने सरकत असताना अवधूत म्हणाला, "तुला बरंय रे. तुला यातलं कळत असेल."

"कशातलं?"

"माशांतलं. म्हणजे तुमच्याकडे... तू खातोस ना."

त्या 'तुमच्याकडे'नंतर अवधूतने जे जरासं खाकरलं, त्यात त्याचं सगळं सौजन्य होतं. पण ज्याच्या घरी मासे खातात त्याला मासे धरता येतात हा हिशेब म्हणजे ज्याच्या घरी पोळ्या होतात त्याला नांगर धरता येतो म्हणण्यासारखा. प्रबुद्धचे वडील नागपुरात कॉलेजचे ग्रंथपाल. मासा घरी यायचा तो कापून, पिशवीतून, रविवारी, तोही मटण नसलं तर. जिवंत मासा प्रबुद्धने पाहिला होता तो दातांच्या डॉक्टरकडच्या काचेच्या पेटीत.

हे तो सांगू शकला असता. पण इतकी वर्षं एका गाडीतून जाताना अवधूतने त्याला नाटकांबद्दल सांगितलं होतं, गाण्याबद्दल सांगितलं होतं, आंबे कुठले घ्यावेत आणि मुलांना कुठल्या शाळेत घालावं हे सांगितलं होतं. प्रबुद्धला कधी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं. चुकीच्या कारणाने मिळालेला मान परत करायला माणूस सहसा धजत नाही.

"बघतो," प्रबुद्ध म्हणाला. "जरा वाचावं लागेल."

"वाच बाबा. तू सांगशील तो रॉड मी घेतो. आपण काय, बासुंदीतली चारोळीसुद्धा निरखून खाणारी माणसं."

प्रबुद्धने वाचलं. तो कामही असंच करायचा, एकटा, मुळापासून आणि कुणाला न विचारता. फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला गांडूळ लावून काठावर पेंगणं नव्हे, हे त्याला पहिल्याच संध्याकाळी कळलं. पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी बनवतात. ती हवेतून फेकून पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाला ती खरी वाटावी. माशीला वजन नसतं, म्हणून वजन दोरीला देतात. दोरी जेवढी जड, तेवढा रॉडचा नंबर मोठा. पुढचं सगळं या नंबरावर अवलंबून.

त्याआधीच्या शनिवारी तो धम्मशीला आणि सियाला घेऊन रेडिंगच्या पलीकडच्या एका दुकानात गेला. दुकानवाल्या बाईने आधी विचारलं, कुठे जाणार? हॅम्पशरमधला अरुंद ओढा, वर झाडं, पाणी काचेसारखं, हे ऐकल्यावर तिने चार नंबरचा हलका रॉड त्याच्या हातात दिला. पाच चालेल, सहा म्हणजे आगाऊपणा, म्हणाली. भिंतीवर आठ नंबरचा एक दणकट रॉड होता. तो कशासाठी, असं त्याने विचारलं. समुद्रातून नदीत चढणाऱ्या मोठ्या माशांसाठी, ती म्हणाली, अमेरिकेतल्या स्टीलहेडसारख्या. त्या ओढ्यात तो आपटलात तर पुढच्या गावापर्यंतचे ट्राउट पळतील.

सियाने दुकानातल्या एका माशीला हात लावून विचारलं, "ही डेड आहे का?"

"ती कधी जिवंतच नव्हता... नव्हती," धम्मशीला म्हणाली. मुलीचं व्याकरण दुरुस्त करता करता आपलंच बिघडतं, असं ती हल्ली म्हणायची.

रविवारी दुपारी अवधूतचा मेसेज आला. त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. एक अमेरिकन पान, वर मोठं शीर्षक, 'ट्राउट आणि स्टीलहेडसाठी सर्वोत्तम सेट', खाली आठ नंबरचा लांबलचक रॉड, रीळ, दोरी, सगळं एकत्र. 'पाच स्टार आहेत. ट्राउट पण होतो, स्टीलहेड पण होतो. टू इन वन. चालेल ना?'

प्रबुद्ध स्वयंपाकघरात उभा होता. त्याने लिहिलं, 'अरे हा मोठ्या नद्यांसाठी आहे, आपल्याला चार नंबर लागेल, मी काल दुकानात जाऊन आलोय.' एकदा वाचून पाहिलं. मुद्देसूद होतं. मग त्याने ते पुसलं आणि लिहिलं, 'चालेल.'

या एका शब्दावर मराठी मुलखात किती लग्नं, किती बांधकामं आणि किती भागीदाऱ्या उभ्या राहिल्या असतील. त्यात खोटं असं काही नसतं. आठ नंबर चालतोच, फक्त त्या ओढ्यात चालत नाही. आणि ओढ्याबद्दल अवधूतने विचारलं नव्हतं.

अवधूतचे हात जोडलेले आले. 'देवमाणूस आहेस.'

"कोण?" धम्मशीलाने विचारलं.

"अवधूत. रॉड विचारतोय."

"नीट सांग बरं त्याला. नाहीतर उगाच फजिती होईल बिचाऱ्याची."

"सांगितलं," प्रबुद्ध म्हणाला.

मासेमारीच्या शनिवारी आभाळ असं खाली आलं होतं की ओढ्यापलीकडचं कुरण अर्धवट पुसलेलं वाटत होतं. अ‍ॅलिस्टर कोपराला ठिगळ लावलेल्या जॅकेटमध्ये आला. त्याचा रॉड त्याच्या वडिलांचा होता. अवधूत छातीपर्यंतच्या नव्याकोऱ्या रबरी विजारीत उतरला. एका बाजूला किमतीची चिठ्ठी लोंबत होती. त्याने रॉड बाहेर काढून जोडायला घेतला आणि जोडतच राहिला. टोक झाडात गेलं तरी रॉड संपेना.

अ‍ॅलिस्टर बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता गुडघ्यावर हात ठेवून वाकला. "याने तू पाणबुडी ओढून काढशील," म्हणाला.

प्रबुद्धने अवधूतच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ज्या क्षणासाठी त्याने एक वाक्य पुसलं होतं तो हाच. पण अवधूतला एक देणगी होती, आपल्यावर कुणी हसलं की तो त्यांच्यात सामील व्हायचा. "पाच स्टार होते, अ‍ॅलिस्टर," तो म्हणाला, "पण मासे रिव्ह्यू वाचत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नाही."

अ‍ॅलिस्टर पुन्हा हसला. मग त्याने प्रबुद्धचा चार नंबर हातात घेतला, हलवून पाहिला, मान डोलावली. "अगदी बरोबर. तुला माझी गरज नाही. तू वर जा, वळणापलीकडे चांगलं पाणी आहे."

जाण्याआधी त्याने नियम सांगितले. तपकिरी ट्राउट इथला, मूळचा. तो मिळाला तर हात ओले करून, अलगद, पुन्हा पाण्यात सोडायचा. रेनबो, ज्याच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो तो, मूळचा अमेरिकेतला, शेततळ्यांतून निसटून इथे आलेला. तो सोडायचा नाही. इथल्यांचं खातो. पकडला की मारायचा, क्लबचा नियम आहे. असं म्हणून त्याने प्रबुद्धच्या हातात पितळेचा छोटा दांडका ठेवला. याला प्रीस्ट म्हणतात, तो म्हणाला, शेवटचे संस्कार करतो म्हणून.

अवधूत मराठीत पुटपुटला, "आपण कुठले रे यातले?"

प्रबुद्धला हसू आलं. त्या दिवसातलं त्याचं खरं हसू तेवढंच.

वळणापलीकडे चांगलं पाणी होतं. तिथे कुणीच नव्हतं. सगळं वाचलेलं बरोबर निघालं. रॉड हलका होता, दोरी आवाज न करता उतरत होती, माशी पाण्यावर खरीच वाटत होती. खालून अ‍ॅलिस्टरचा आवाज यायचा, "मनगट! मनगट!" आणि मग दोरी पाण्यावर आपटल्याचा फटकारा, फांद्यांची सळसळ आणि दोघांचं हसणं. आठ नंबरचा रॉड अशा जागी चालवायला शिकवणं म्हणजे बैलगाडी जिन्यावरून नेण्यापैकी होतं. अ‍ॅलिस्टरला त्यासाठी अवधूतच्या मागे उभं राहावं लागत होतं, त्याचा हात धरावा लागत होता, विलोच्या फांदीत अडकलेल्या माश्या एकेक करून सोडवाव्या लागत होत्या. आपल्यावर ज्याने उपकार केले तो माणूस आपल्याला जरा टोचतोच. ज्याच्यावर आपण केले तो मात्र आपला वाटायला लागतो. प्रबुद्ध हुशार होता, पण हे गणित त्याने कुठे वाचलं नव्हतं. त्याला वाटत होतं, खाली फजिती चालली आहे.

दुपारी दोरी एकदम ताणली गेली. त्याने वाचल्याप्रमाणे रॉड उभा धरला, घाई केली नाही, मासा थकू दिला आणि जाळीत घेतला. कुशीवर गुलाबी पट्टा होता. मासा जाळीत कल्ले उघडत होता आणि मिटत होता.

आसपास कुणी नव्हतं. नुसती जाळी कलती केली असती तर मासा गेला असता आणि जगात कुणाला कळलं नसतं. पण कुणाला कळलं नसतं, हीच अडचण होती. अ‍ॅलिस्टरला दाखवायला काहीतरी हवं होतं. त्याने पितळी दांडका काढला. पहिला फटका चुकला. दुसराही नीट लागला नाही.

मासा गवतात गुंडाळून तो खाली आला, तेव्हा अ‍ॅलिस्टर गुडघ्यावर बसून अवधूतच्या दोरीचा गुंता सोडवत होता आणि आपल्या वडिलांनी आपल्याला इथेच कसं शिकवलं ते सांगत होता. सांगताना त्याचे डोळे ओले झाल्यासारखे दिसत होते, किंवा वारा असेल. त्याने वर पाहिलं, "छान मासा," म्हणाला आणि पुन्हा गुंत्याकडे वळला.

अवधूत लांबूनच म्हणाला, "मेलाय ना रे? डोळे उघडे आहेत त्याचे."

"माशांना पापण्या नसतात," प्रबुद्ध म्हणाला.

घरी धम्मशीलाने पिशवी उघडून पाहिली. ती दर रविवारी स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये मुलांना वंदना शिकवायची. खाण्यापिण्याचा तिला सोस नव्हता आणि सोवळंही नव्हतं. मासा तिने खाल्ला असता. पण माशाच्या डोक्यावर दोन-तीन जागी चेचल्याच्या खुणा होत्या.

"तू मारलास?"

"नियम होता तिथला."

"कुणी बघत होतं?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली.

प्रबुद्ध हात धूत राहिला. तिने पिशवी गुंडाळली आणि फ्रीझरमध्ये खाली, मटारच्या मागे ठेवून दिली. त्या मटारला मग घरात कुणी हात लावला नाही.

महिनाअखेर अ‍ॅलिस्टरने प्रबुद्धला आधी बोलावलं, म्हणजे काय ते खोलीत शिरतानाच कळलं. अ‍ॅलिस्टरला वाईट वाटत होतं. कामात प्रबुद्ध सरस आहे, यात शंकाच नाही, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. "पण तू स्वयंपूर्ण आहेस. तुला कुठेही टाकलं तरी तू उभा राहशील. अवधूतला..." इथे त्याला शब्द सापडेना. "अवधूतबरोबर काम करताना टीमला आपण टीम आहोत असं वाटतं." मग त्याने शिफारसपत्र देईन म्हणून सांगितलं, आणि प्रबुद्धने त्याचे आभार मानले. या देशात काढून टाकताना आभार मानून घेण्याची पद्धत आहे.

संध्याकाळी सिया शेजारी खेळायला गेल्यावर त्याने धम्मशीलाला सांगितलं. ती बराच वेळ टेबलावरचे खरकटे ठिपके पुसत होती. पुसून झालेल्या जागाही तिने पुन्हा पुसल्या. मग तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आपलं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "त्यांना हसवणारा माणूस हवा होता. आपल्याला नाही येत ते."

सांत्वन असं खोट्या पायावर उभं राहिलेलं त्याला सोसेना. त्याने सगळं सांगितलं. दुकानातल्या बाईने काय सांगितलं होतं, त्याने काय लिहिलं, काय पुसलं, काय पाठवलं.

धम्मशीलाने हात काढून घेतला नाही. तो तिथेच जड होत गेला.

"म्हणजे मी तुला नीट सांग म्हणाले तेव्हा..."

"आधीच पाठवलं होतं."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. त्याला वाटतं, त्याचं नशीब."

"उद्या सांगतो त्याला," मग प्रबुद्धच म्हणाला. "गाडीत."

धम्मशीला मुलांना शीलं शिकवणारी बाई. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या घरापुढे सियाची सायकल आडवी पडली होती.

"नको," ती म्हणाली. "सांगू नकोस. क्रॉयडनला अवधूतच्या बायकोचा, वैभवीचा, मामेभाऊ आहे, यतीन. त्यांच्या कंपनीकडे व्हिसाचं स्पॉन्सर लायसन्स आहे. अवधूतच्याच ओळखीने होईल झालं तर." आणि खिडकीवरची नजर न काढता पुढे म्हणाली, "आधी ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी गाडीत सांगायला कुठून सुरुवात करावी हे प्रबुद्धला ठरवावं लागलं नाही. अवधूतच म्हणाला, "मी यतीनशी बोललोय. म्हणाला, सीव्ही पाठव, मी स्वतः आत देतो. तू टेन्शन घेऊ नकोस. मी डोक्यावर बसून राहीन त्याच्या."

"थँक्स रे."

"थँक्स काय! मला रात्रभर झोप नाही. वैभवी मला म्हणाली, तू जिंकलास की हरलास तेच कळत नाहीये तुझ्या तोंडावरून." तो सीटबेल्टशी चाळा करत राहिला. अवधूत गप्प बसला की गाडीत एक सीट रिकामी झाल्यासारखं वाटे. "ऐक ना, सांगू का नको असं होतंय. अ‍ॅलिस्टर पुढच्या महिन्यात मला वेल्सला नेतोय. सी ट्राउट. समुद्रातून नदीत येतो म्हणे तो. आणि गंमत बघ, त्याला माझा आठ नंबर एकदम करेक्ट! अ‍ॅलिस्टर म्हणाला, ज्याने तुला हा सुचवला त्याला कळतं. तेव्हाच ठाऊक होतं ना तुला? म्हणून चालेल म्हणालास?"

पुढच्या लॉरीचे ब्रेकचे दिवे लागले. प्रबुद्धने गाडी हळू केली.

"अंदाज होता," तो म्हणाला.

"वाटलंच मला! वैभवीला म्हटलं, प्रबुद्ध उगाच काही सांगणारा माणूस नाही. आता तिथली दोरी, माश्या, सगळं तूच सांग."

प्रबुद्धने गिअर बदलला. "काहीच घेऊ नकोस," तो म्हणाला. "खरं सांगतोय. अ‍ॅलिस्टरला विचार. त्याच्याकडचंच वापर. त्याला शिकवायला आवडतं. तू काही न घेता गेलास तर तो जास्त खूश होईल."

या सगळ्या प्रकरणात त्याने दिलेला खरा सल्ला तेवढा एकच.

अवधूतने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "सांगायचं नसेल तर तसं सांग ना," तो हळूच म्हणाला. "मी समजू शकतो. राग आला असेल, तर तेही बरोबर आहे. पण असं टोलवू नकोस यार. मी इकडे तुझ्यासाठी यतीनच्या मागे लागलोय आणि..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. सोडलेलं वाक्य दोघांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ कुठेतरी पडून राहिलं.

"राग नाही रे," प्रबुद्ध म्हणाला. "फोन काढ. लिहून घे."

आणि तो सांगू लागला. हळूहळू बुडणारी दोरी. पुढचा धागा जाड आणि आखूड, कारण सी ट्राउट रात्री धरतात, मासा मोठा आणि अंधारात धागा तोडणारा. माश्या काळ्या, रुपेरी अंगाच्या, लांब. सगळं बरोबर होतं. परवाच त्याने ते वाचून काढलं होतं, कशासाठी ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. अवधूत टाइप करत होता आणि मधून मधून विचारत होता, "रुपेरी म्हणजे सिल्व्हरच ना?"

मेडनहेडचा फाटा आला. प्रबुद्धने डावीकडचा इंडिकेटर लावला.

"मग यतीनला आज संध्याकाळीच फोन करतो," अवधूत म्हणाला. तो पुन्हा पूर्वीसारखा मोकळा झाला होता.

"कर," प्रबुद्ध म्हणाला. "आणि हुक बघून घे. बोथट असतात कधीकधी."